दाढ, गुळण्या आणि अण्णांचं तिकीट

माझी डावीकडची खालची दाढ काढली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी अजूनही कुणी "दाढ काढणं म्हणजे काय हो, दोन मिनिटांचं काम," असं म्हणालं की मी त्या माणसाशी पुढे बोलत नाही. दाढ काढायला दोनच मिनिटं लागली, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या पाच आठवड्यांबद्दल आहे.

साल २००५. आम्ही लीड्सला राहत होतो. आम्ही म्हणजे मी, सुलक्षणा आणि आमची तेरा वर्षांची तनू. एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतला, डेंटिस्ट मिळावा म्हणून मी साडेतीन वर्षं वेटिंग लिस्टवर होतो. शेवटी आमच्या भागातल्या एका प्रॅक्टिसनं, म्हणजे दातांच्या दवाखान्यानं, जाहीर केलं की शनिवारी सकाळी नऊ वाजता पहिल्या शंभर लोकांना घेणार. मी साडेसहाला पोचलो तर माझा नंबर अठ्ठ्याऐंशी. लोक घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन आले होते. माझ्यापुढच्या आजी विणकाम घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या तोंडात मोजून चार दात असतील, पण चारही दातांची नोंदणी करायचीच, असा त्यांचा निर्धार होता. नऊला दार उघडलं, फॉर्म भरला, रिसेप्शनवरची बाई "वेलकम टु द प्रॅक्टिस" म्हणाली आणि मला चक्क गहिवरून आलं. ब्रिटिश नागरिकत्व मिळालं तेव्हासुद्धा मला एवढं भरून आलं नव्हतं.

डेंटिस्ट होते मिस्टर हार्टली. उंच, शांत, पंचावन्नच्या पुढचे. त्यांनी एक्स-रे बघितला आणि हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात सांगितलं की ही दाढ काढावी लागेल. मंगळवारची वेळ मिळाली.

इथे अण्णांबद्दल सांगायला हवं. कारण ही गोष्ट दाढेची कमी आणि अण्णांची जास्त आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील, मुरलीधर. पोस्टात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा वाईला पोस्टमास्तर. वय शहात्तर, दात एकतीस, सगळे स्वतःचे. बत्तिसावा सायकलवरून पडून गेला, तो धरायचा नाही असं त्यांचं म्हणणं. या एकतीस दातांचं सगळं श्रेय अण्णा चूळ भरण्याला देतात. आमच्या घरात काहीही खाल्लं, अगदी चहात बुडवून एक बिस्कीट खाल्लं, तरी उठून चूळ भरायची. तीही अशी उभ्या उभ्या नाही. गाल फुगवून, पाणी या गालातून त्या गालात घुसळून, आवाजासकट, तीनदा. लहानपणी मी तसाच पानावरून उठून पळालो की अण्णा कॉलर धरून मला मोरीवर आणायचे. त्यामुळे चूळ भरायला मला विचार करावा लागत नाही. इंग्लंडात अठरा वर्षं काढली, ऑफिसच्या किचनमध्ये सँडविच खाऊन सिंकवर चूळ भरतो तेव्हा आजूबाजूची माणसं हळूच बाहेर जातात, हे मला माहीत आहे. पण मी नाही बदललो.

आई गेली आणि वर्षश्राद्ध झाल्यावर एप्रिलमध्ये मी अण्णांना सहा महिन्यांच्या व्हिसावर घेऊन आलो. पहिला महिना बरा गेला. मग अण्णा हळूहळू गप्प होत गेले. त्यांना करायला काही नव्हतंच. स्वयंपाकघर सुलक्षणाचं. तनूचं गणित अण्णांना येत होतं, पण तनूला ते कॉम्प्युटरवर हवं होतं. गवत कापायचं यंत्र विजेचं, त्याला मीच हात लावू देत नव्हतो. सकाळी दहाला दाराच्या फटीतून टपाल पडायचं. अण्णा ते उचलायचे, माझं, सुलक्षणाचं आणि पिझ्झ्याच्या जाहिराती असे तीन गठ्ठे करायचे, आणि दहा वाजून दोन मिनिटांनी त्यांचा दिवस संपायचा.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ते मला म्हणाले, "कमलाकर, माझं तिकीट अलीकडचं करून मिळतंय का बघ. इथं माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

मला ते फार लागलं. "असं काय बोलता अण्णा," एवढंच मी म्हणालो. ते म्हणत होते ते खरंच होतं. मी "बघतो" म्हटलं आणि बघितलं नाही. आईच्या शेवटच्या आजारात मी तीन आठवडे रजा काढून गेलो होतो आणि रजा संपली म्हणून परत आलो होतो. अण्णा निदान पूर्ण सहा महिने तरी माझ्याजवळ राहावेत, एवढं एकच मला त्या वर्षी हवं होतं.

तर मंगळवारी दाढ निघाली. मिस्टर हार्टलींनी खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवून मला तो चावून धरायला सांगितलं आणि नर्सनं एक छापील कागद हातात दिला. बसमध्ये मी तो नीट वाचला. चोवीस तास चूळ भरू नये, स्ट्रॉनं काही पिऊ नये, गरम काही घेऊ नये. खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, ती हलता कामा नये. तिच्याखाली जखम भरते. सगळं पटण्यासारखं होतं. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

घरी आलो तर अण्णा दारात उभे. सुलक्षणा मागून म्हणाली, "अहो, थंड दहीभात कालवलाय." एरवी मी 'अरे' असतो, अण्णा आल्यापासून 'अहो' झालो होतो. मी दहीभाताचे चार घास उजवीकडून गिळले, उठलो, बेसिनवर गेलो, आणि पुढे काय झालं ते मला नक्की सांगता येत नाही. नळ सुटलेला होता आणि माझे दोन्ही गाल फुगलेले होते.

"जोरात," मागून अण्णा म्हणाले. "भाताचं शीत राहिलं तर कुजेल तिथं."

मी खिशातून तो कागद काढून बधिर जिभेनं त्याबद्दल सांगितलं. अण्णांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा न लावता लांबून पाहिला, आणि दोन ओळींतच त्यांचा निर्णय झाला.

"हे यांच्यासाठी आहे," ते म्हणाले. "हे लोक जन्मात चूळ भरत नाहीत. एकदम भरली तर त्यांना झेपायची नाही. आपल्या तोंडाला सवय आहे."

यातली चूक मला आजही चटकन दाखवता येत नाही. त्या दिवशी तर अर्धा जबडा बधिर होता. वाद घालायला लागणारे बरेचसे शब्द त्याच बाजूनं निघतात.

अर्ध्या तासानं अण्णा तांब्या घेऊन आले. कोमट पाणी, त्यात मीठ, चिमूटभर हळद. "गुळण्या," ते म्हणाले. "दर दोन तासांनी. मी लक्ष ठेवतो, तू काळजी करू नकोस."

आणि ठेवलं त्यांनी लक्ष. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना जिना भरभर चढताना पाहिलं. पाणी किती कोमट हे ते करंगळी बुडवून ठरवायचे. पोस्टातल्या सवयीनं एका कागदावर त्यांनी वेळा लिहिल्या आणि प्रत्येक गुळणीपुढे बारीक बरोबरची खूण. मी बेसिनवर मान वर करून घरघर करायचो आणि ते बाथरूमच्या दारात उभे राहून मोजायचे. "सात... आठ... मान आणखी वर... नऊ." मी आठवडाभर रजा काढली होती, त्यामुळे सुटका नव्हती. मंगळवार संध्याकाळपासून शुक्रवार सकाळपर्यंत मी एकवीस वेळा गुळण्या केल्या. तिकिटाचं त्यांनी नाव काढलं नाही.

गुरुवारी दुखायला लागलं होतं. दाढ होती तेव्हा दुखायची, ते दुखणं आता मला जुन्या मित्रासारखं आठवायला लागलं. हे नवं दुखणं खालच्या जबड्यातून निघून कानात जायचं, कानातून कपाळाच्या बाजूला, आणि तिथे थोडं थांबून परत खाली यायचं. तोंडात घाण चव. गुळणीचं पाणी खड्ड्याला लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. "बघ, लागतंय म्हणजे औषध काम करतंय," अण्णा म्हणायचे.

बातमी पसरली. शेजारच्या मॉरीननं कुंपणावरून माझा गाल पाहिला आणि व्हिस्की तोंडात धरायला सांगितलं. व्हिस्की कुठली चालेल, हे तिनं तपशिलात सांगितलं. इथल्या मराठी मंडळाचे पुरुषोत्तम काळे यांनी फोनवर माझी लक्षणं ऐकून घेतली आणि हे दाताचं नसून कानाचं आहे, असा शोध लावला. पुरुषोत्तम काळे लोकांच्या पेन्शनचे हिशेब करतात, पण मंडळातल्या सगळ्यांच्या तब्येती तेच बघतात. त्यांच्यामुळे मी आमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, फोन केला. तिथल्या बाईनं विचारलं, कान कधीपासून दुखतो? मी म्हटलं, दाढ काढल्यापासून. मग ते डेंटिस्टकडे, ती म्हणाली आणि फोन ठेवला. सुलक्षणानं लवंगेचं तेल आणलं. तनूनं मान वाकडी करून माझ्या तोंडात पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तिथे एक मोठी खड्डा आहे. आणि ते स्मेल करतो. सॉरी, पण करतो."

मग शुक्रवारी सकाळी मी प्रॅक्टिसला फोन केला आणि माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक केली. रिसेप्शनवरच्या बाईनं विचारलं, "वेदना शून्य ते दहा यांमध्ये किती?"

आता मी वाईच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्याकडे दहापैकी दहा कुणालाच मिळत नसत. निबंधाला सर्वांत हुशार मुलीला साडेसहा मिळायचे आणि तिचे आईवडील पेढे वाटायचे. शिवाय आपल्याच दुखण्याला आपण घसघशीत मार्क द्यायचे, हे बरं दिसत नाही. मी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणालो, "चार."

"चार," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून ती सुटल्यासारखी वाटली. "चारला आमच्याकडे पुढच्या शुक्रवारी सकाळची वेळ आहे."

मी "थँक यू व्हेरी मच" म्हणून फोन ठेवला. हे मॉरीनला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "चार? चार म्हणजे पेपरानं बोट कापलं! तू नऊ म्हणायला हवं होतंस!" मी पुन्हा फोन लावला आणि नऊ म्हणालो.

"पण वीस मिनिटांपूर्वी तुम्ही चार म्हणाला होता," बाई म्हणाली.

"हो."

"वीस मिनिटांत पाच अंकांनी वाढलं?"

खोटं बोलायची मला सवय नाही आणि खरं समजावायला वाईच्या शाळेपासून सुरुवात करावी लागली असती. तेवढ्यात खड्ड्यात अशी कळ आली की माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तो कुठल्या भाषेतला होता कुणास ठाऊक. पलीकडे कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आज साडेअकराला येता येईल का?"

मिस्टर हार्टलींनी आरसा घालून आत पाहिलं आणि "आह्" म्हणाले. डॉक्टरनं "आह्" म्हणू नये, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यांनी सांगितलं की खड्डा कोरडा पडलाय. रक्ताची गाठ निघून गेलीये, खालचं हाड उघडं आहे आणि म्हणून दुखतंय. मग त्यांनी विचारलं, "चुळा भरल्या का तुम्ही?"

"थोड्याशा," मी म्हणालो.

"थोड्याशा म्हणजे कशा?"

त्यांनी पाण्याचा कागदी पेला पुढे केला. दाखवा म्हणाले म्हणून मी दाखवलं. हात राखून नाही, जशा घरी करतो तशाच केल्या. शेवटी अण्णांचं शिक्षण आहे. नर्स दोन पावलं मागे सरकली. मिस्टर हार्टली ते पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबले.

"आणि हे दिवसातून किती वेळा?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कोरडे खड्डे मी पुष्कळ पाहिले, ते म्हणाले, पण इतक्या मेहनतीनं केलेला हा पहिलाच. त्यांनी खड्डा हळूच धुतला आणि त्यात एक तपकिरी पट्टी भरली. तिला लवंगेचा वास होता. दहा मिनिटांत ठणका निम्म्यानं उतरला. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण मी खुर्चीत उताणा होतो. "यापुढे गुळण्या अजिबात नाहीत," ते म्हणाले. "एकही नाही. सोमवारी पट्टी बदलू."

घरी आलो. दार उघडायच्या आत आतून अण्णांचा आवाज आला, "आलास का? पाणी तयार आहे!"

ते तांब्या घेऊन जिन्यापाशी उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा. अलीकडे ते घरात दोन-दोन दिवस तोच सदरा घालायचे, आणि आज इस्त्रीचा. "काय म्हणाला डॉक्टर?"

मी म्हणालो, "छान आहे म्हणाला. चालू ठेवा म्हणाला."

सांगवेनाच मला. काय सांगणार? की अण्णा, चार महिन्यांत तुम्ही या घरात एकच काम मनापासून केलंत आणि त्यानं माझ्या जबड्याचं हाड उघडं पडलं?

मग सुरू झालं ते लाजिरवाणं प्रकरण. तांब्या घेऊन मी बाथरूममध्ये जायचो आणि कडी लावून घ्यायचो. आता मला एकट्यालाच नीट जमतं, असं अण्णांना सांगितलं. ते बाहेर उभे राहून मोजणार हे ठरलेलं. पाण्याशिवाय नुसती घरघर करून पाहिली, तर पट्टीखाली अशी चमक गेली की मी टॉवेल चावला. मग तनूचा विजेवर चालणारा टूथब्रश दिसला. तो तांब्यातल्या पाण्यात धरून सुरू केला की गुळणीसारखा आवाज येतो. फक्त चढउतार येत नाहीत. ते मी ब्रश खालीवर करून आणले. सत्तेचाळीस वर्षांचा, इन्शुरन्स कंपनीत बावीस माणसांचा मॅनेजर असलेला मी बाथरूमच्या बंद दाराआड तांब्यात टूथब्रश खालीवर करत उभा असायचो.

"आवाज बारीक येतोय," बाहेरून अण्णा. "जोर लाव."

मी वेग वाढवायचं बटण दाबलं.

"आता कसं! अकरा... बारा..."

पट्टीमुळे मला आराम पडत गेला आणि त्याचं सगळं श्रेय गुळण्यांच्या खात्यात जमा होत गेलं. अण्णांनी शनिवारी पुण्याला माझ्या आत्याला, सुप्रभाआत्याला, फोन करून सांगितलं, "इथल्या डॉक्टरनं सुद्धा मान्य केलं बरं का." मॉरीनला त्यांनी कुंपणावरून मीठ किती, हळद किती ते समजावलं. तिनं ते लिहून घेतलं. रविवारी जेवताना ते पोस्टातल्या गमती सांगत होते आणि तनू खरंच हसत होती. सुलक्षणानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. तिला मी सगळं सांगितलं होतं. "सांगून टाक," ती स्वयंपाकघरात म्हणाली. "कळेल तेव्हा काय करशील?" मी म्हटलं, कळणार कसं?

सोमवारी अण्णा माझ्याआधी बूट घालून तयार. "मी येतो. डॉक्टरला एकदा भेटायला पाहिजे."

मी खूप कारणं दिली. एकही टिकलं नाही. शेवटी मी मनाशी म्हटलं, अण्णांना इथल्या लोकांचं बोलणं कळतच नाही. बसमध्ये, दुकानात, सगळीकडे मलाच विचारतात, काय म्हणाला तो? मीच भाषांतर करणार, मग घाबरायचं कशाला?

अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसले. मिस्टर हार्टलींनी पट्टी बदलली, खूश झाले आणि त्यांच्याकडे वळून अदबीनं म्हणाले, "तुमचा मुलगा आता गुळण्या करत नाही ना, यावर लक्ष ठेवा, सर. त्यानंच सगळं बिघडलं होतं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अण्णा, डॉक्टर म्हणतायत, तुमच्या देखरेखीमुळे लवकर बरं झालं."

अण्णा उठून उभे राहिले. सदऱ्याची बाही सारखी केली. आणि माझ्या देखत, चौतीस वर्षं सरकारी पत्रांची उत्तरं लिहिलेल्या माणसाच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "डॉक्टर, कृपया स्पष्ट सांगावं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या त्याच दिवशी सुरू केल्या. त्यानं इजा झाली?"

लीड्सचे लोक भराभर बोलतात म्हणून अण्णांना कळत नसे. मिस्टर हार्टली मात्र सावकाश बोलत. हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

मिस्टर हार्टलींनी माझ्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे. "हो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी करायच्या नसतात. पण पुष्कळांच्या हातून होतं हे."

"आभारी आहे," अण्णा म्हणाले.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. तीन स्टॉप गेले. मीच म्हणालो, "अण्णा, अहो, एवढं काही नाही. पुष्कळांचं होतं, म्हणालाच की तो."

"तुला शुक्रवारीच कळलं होतं."

"हो."

"मग ते बाथरूममधले आवाज?"

मी टूथब्रशबद्दल सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता हसतील, पण हसले नाहीत.

"तुमचं इतकं छान चाललं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला, पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. "तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होतात, अण्णा! कसं सांगणार होतो मी?"

"मला काय लहान मूल समजलास?" ते हळू आवाजात म्हणाले. "हाड उघडं पडलं होतं तुझं. ते मी केलं. तेवढं तरी मला कळायला हवं होतं." आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "तिकिटाचं बघ आता."

पुढचे दोन दिवस आमचं घर लीड्समधलं सर्वांत शांत घर असेल. अण्णा टपालाचे गठ्ठे करायचे आणि खोलीत जाऊन बसायचे. तांब्या त्यांनी घासून, पुसून कपाटात ठेवला. तनू एकदा त्यांच्या खोलीत जाऊन "आजोबा, माझी होमवर्क बघता?" म्हणाली, तर ते "तुझी आई बघेल" म्हणाले. मी ट्रॅव्हल एजंटला फोन केला. पुढच्या रविवारी जागा होती. मी ती धरून ठेवायला सांगितली आणि माझाच मला राग आला.

बुधवारी रात्रीचं जेवण झालं. मी उठलो, बेसिनवर गेलो. डोक्यात फक्त ती रविवारची जागा होती. हात आपोआप नळाकडे गेला, ओंजळ तोंडाकडे गेली आणि गाल फुगले.

"थुंक!"

मी इतका दचकलो की पाणी नाकातून आलं.

अण्णा मागे उभे होते. हातात तो छापील कागद, डोळ्यांवर चष्मा, वर भिंग. कागदावर जागोजागी निळ्या पेनानं खुणा केलेल्या होत्या. "थुंक नाही, थुंकू नकोस!" ते ओरडले. "थुंकायचं पण नाही. कलम चार. नुसतं तोंड उघड आणि सोड. हळू! सोड आपोआप!"

मी तोंड उघडलं. पाणी खाली पडलं.

"तुझ्या तोंडाचा भरवसा नाही," अण्णा धापा टाकत म्हणाले. "सत्तेचाळीस वर्षांची सवय आहे. मीच लावलीये, मलाच मोडावी लागणार. यापुढे जेवण झालं की मी आल्याशिवाय बेसिनपाशी जायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. "पण अण्णा, रविवारी..."

"राहू दे ते रविवार. खड्डा भरेपर्यंत मी कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या आरशावर सूचना लागली. मराठीत, पोस्टमास्तरच्या अक्षरात, खाली सही आणि तारखेसकट. जेवण झालं की अण्णा माझ्या आणि बेसिनच्या मध्ये उभे राहायचे. ऑफिसला जाताना ते दारात बजावायचे, "सँडविच खाल्लंस की सिंककडे बघायचंसुद्धा नाही." दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी ते ऑफिसात फोन करायचे. माझ्या टीममधल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. रोज संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, बागेत खुर्चीवर बसवून अण्णा माझ्या तोंडात टॉर्च मारायचे. मॉरीन कुंपणावरून वाकून बघायची आणि दोघं चर्चा करायचे. माझ्या प्रतिष्ठेचं काय झालं, ते विचारू नका.

जखम भरू नये असं वाटणारा पेशंट मी स्वतःखेरीज पाहिलेला नाही. पण ती भरत होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी दुपारी ऑफिसमधून परस्पर मिस्टर हार्टलींकडे गेलो. त्यांनी आरसा घातला, हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, संपूर्ण भरलंय, छान गुलाबी, काही खा, काही प्या, वाटलं तर गुळण्यासुद्धा करा. पुन्हा यायची गरज नाही.

घरी येईपर्यंत मी ठरवलं की आज खरं सांगायचं. एकदा लपवून बघितलं होतं, पुरे झालं. बागेत खुर्ची मांडलेली होती. मी बसलो आणि बोलणार, तर अण्णा म्हणाले, "आधी तोंड."

मी तोंड उघडलं. ऊन चांगलं होतं, टॉर्चची गरज नव्हती, तरी त्यांनी लावला. माझी हनुवटी डाव्या हातानं धरून त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. बराच वेळ पाहत राहिले. एकदा करंगळी आत घालून हिरडीवरून हळूच फिरवली. मला काहीही दुखलं नाही. ते त्यांनाही माझ्या डोळ्यांत दिसलं असणार, कारण त्यांनी लगेच नजर वळवली.

त्यांनी टॉर्च बंद केला.

"अजून थोडं राहिलंय," अण्णा म्हणाले. "महिनाभर तरी लागेल."

"हो ना," मी म्हणालो. "चावताना अजून लागतं."